पॅनेलच्या नावावरून वाद झाला तर : अमेरिकेतील युनियन निवडणुकीत तक्रार कशी, कुठे आणि किती दिवसांत करायची

साखर कारखाना असो की पतपेढी, पॅनेलचे नाव म्हणजे अर्धा प्रचार, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. अमेरिकेतल्या कामगार युनियनमध्येही तसेच चालते. टीमस्टर्स या ट्रकचालक आणि गोदाम कामगारांच्या मोठ्या युनियनमध्ये २०१६ साली विरोधकांनी 'टीमस्टर्स युनायटेड' नावाचे पॅनेल उभे केले आणि ते अध्यक्षपदाची लढत हरले. २०२१ मध्ये तेच नाव 'ओ'ब्रायन-झकरमन टीमस्टर्स युनायटेड' असे होऊन परत आले आणि जिंकले. मतदारांच्या तोंडी बसलेले असे नाव दुसऱ्या कोणी उचलले, की भांडण ठरलेलेच. तिकडे नोकरी करणारे आणि युनियनचे सभासद असलेले मराठी लोक अशा वेळी थेट कोर्टाचा विचार करतात. तो रस्ता बहुतेक वेळा बंद असतो.

तक्रार लिहिण्याआधी वाद नेमका कुठल्या नावाचा आहे ते पाहा, कारण निकाल त्यावर फिरतो. युनियनच्या निवडणुकांना लागू असलेल्या १९५९ च्या लेबर-मॅनेजमेंट रिपोर्टिंग अँड डिस्क्लोजर अ‍ॅक्टमध्ये पॅनेलच्या नावाबद्दल कलमच नाही. मतपत्रिकेवर पॅनेलची नावे छापायची का आणि कशी, हे युनियनची घटना (तिची मूळ नियमावली) ठरवते. कायद्याचा आग्रह एवढाच, की ज्याला अख्खे पॅनेल नको त्याला एकेका उमेदवारालाही मत देता आले पाहिजे. त्यामुळे मतपत्रिकेवरच्या नावाचा वाद घटनेतल्या आणि निवडणूक नियमांतल्या शब्दांवर लढावा लागतो.

वाद फक्त पत्रकावरच्या किंवा टी-शर्टवरच्या नावाचा असेल, तर फार आशा धरू नका. सभासदांना एकत्र येण्याचा आणि आपले मत मांडण्याचा हक्क याच कायद्याने दिला आहे, आणि प्रचाराचा मजकूर तपासून छाटणे हे युनियनचे काम नाही. टीमस्टर्सच्या निवडणूक पर्यवेक्षकांनी तर वारंवार सांगितले आहे, की मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा असणे एवढ्यानेच नियमभंग होत नाही. याउलट युनियनचे लेटरहेड, वर्तमानपत्र, पैसा किंवा पगारी कर्मचाऱ्याचा वेळ वापरून एखादे पॅनेल 'अधिकृत' भासवले असेल, तर तक्रारीत दम आहे. युनियनचा किंवा मालकाचा पैसा कोणत्याही उमेदवाराच्या प्रचाराला वापरता येत नाही. माझ्या मते नावाच्या बहुतेक भांडणांत खरा मुद्दा इथे सापडतो, आणि लोक मात्र 'आमचे नाव चोरले' यावरच पानेच्या पाने भरतात.

तक्रार युनियनचा कोणताही सभासद करू शकतो. तो उमेदवार असायला हवा असे नाही. कायद्यात अट सभासदत्वाची आहे, नागरिकत्वाची नाही. वर्गणी थकलेली असेल तर मात्र आधी भरून टाका, कारण युनियनचे अंतर्गत नियम त्यावर अडवू शकतात. केवळ राज्य, काउंटी किंवा शहर सरकारच्या कर्मचाऱ्यांची युनियन असेल, तर हा कायदा तिला लागू होत नाही.

पहिली तक्रार युनियनच्या आतच करायची, आणि मुदत काटेकोर असते. टीमस्टर्सच्या राष्ट्रीय पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीत, मतदानापूर्वीच्या बाबींवर, प्रकार कळल्यापासून कामाच्या २ दिवसांत तक्रार द्यावी लागते. पर्यवेक्षकाच्या निर्णयावर अपील करायलाही तेवढेच दिवस. इतर युनियनमध्ये मुदत वेगळी असते, म्हणून घटनेची प्रत आधी हातात घ्या. युनियनने देण्यात चालढकल केली तर अमेरिकी सरकारच्या श्रम खात्याच्या ऑफिस ऑफ लेबर-मॅनेजमेंट स्टँडर्ड्स या कार्यालयाकडे ती दाखल असते.

सोबत जोडायचे कागद : सभासदत्वाचा आणि वर्गणीचा पुरावा, घटनेतले व निवडणूक नियमांतले संबंधित पान, वादग्रस्त पत्रक किंवा त्याचा तारखेसह फोटो, आणि तुमच्या पॅनेलने ते नाव आधीपासून वापरल्याचा पुरावा. पॅनेलची नोंद झाली असेल तर सर्व उमेदवारांच्या सह्यांचा घोषणापत्राचा फॉर्मही लावा. तक्रारीत कोणी, केव्हा, कुठे, काय केले आणि कोणता नियम मोडला, एवढे लिहा. पोच घ्या.

सगळे मुद्दे याच तक्रारीत आले पाहिजेत. १९७१ मध्ये पोलाद कामगार युनियनच्या लोकल (स्थानिक शाखा) ६७९९ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की सभासदाने युनियनच्या आत न मांडलेला मुद्दा श्रममंत्री (युनियनविरुद्ध दावा तेच लावतात) नंतर कोर्टात उचलू शकत नाहीत.

युनियनच्या आतला अंतिम निर्णय विरोधात गेला, तर १ महिन्याच्या आत वरील कार्यालयाकडे लेखी तक्रार करायची. युनियनने ३ महिन्यांत अंतिम निर्णयच दिला नाही, तरीही पुढच्या १ महिन्यात तिथे जाता येते. अर्जात नाव-पत्ता, युनियन आणि लोकलचा क्रमांक, निवडणुकीची तारीख, नियमभंग, अंतर्गत तक्रार केव्हा केली आणि काय उत्तर आले ते द्या. त्या पत्रव्यवहाराच्या प्रती जोडा. मात्र मतदान होण्याआधी, केवळ नावाच्या वादावर, हे खाते निवडणूक थांबवत नाही.

तथ्य आढळले, तर खात्याने तक्रार दाखल झाल्यापासून ६० दिवसांत कोर्टात दावा लावायचा असतो. तोवर निवडून आलेले लोक पदावर राहतात. नियमभंगामुळे निकालावर परिणाम झाला असू शकतो, असे कोर्टाला पटले तर खात्याच्या देखरेखीखाली फेरनिवडणूक होते. खाण कामगारांच्या युनियनमध्ये तसेच घडले : १९६९ ची निवडणूक रद्द झाली आणि डिसेंबर १९७२ च्या फेरनिवडणुकीत 'मायनर्स फॉर डेमोक्रसी' या विरोधी गटाचे अर्नोल्ड मिलर अध्यक्ष झाले.

मतपत्रिका आणि निवडणुकीचे कागद युनियनने १ वर्ष जपून ठेवणे बंधनकारक आहे. ते जपून ठेवा, असे पत्र तक्रारीच्या दिवशीच निवडणूक समितीला देऊन ठेवावे.