इओआनिस कापोदिस्त्रियास आणि सप्तद्वीप प्रजासत्ताक

कापोदिस्त्रियास, इओआनिस : (११ फेब्रुवारी १७७६ – ९ ऑक्टोबर १८३१). ग्रीक मुत्सद्दी, वैद्यकाचा पदवीधर आणि नव्या ग्रीसचा पहिला राज्यप्रमुख. रशियाचा परराष्ट्रमंत्री म्हणून त्याचे नाव युरोपभर झाले. पण राज्य उभे कसे करायचे आणि ते कशाने कोसळते, हे तो शिकला आयोनियन समुद्रातल्या सात बेटांवर. म्हणून या नोंदीत भर त्याच काळावर आहे.

त्याचा जन्म कोर्फूच्या सरदार घराण्यातला. बेटांवर तेव्हा व्हेनिसचे राज्य होते. सरदारांची नावे ‘सुवर्णग्रंथ’ नावाच्या नोंदवहीत असत, कारभाराची भाषा इटालियन होती आणि बेटावर विद्यापीठ नसल्याने उच्च शिक्षणासाठी मुले इटलीतल्या पादुआला जात. कापोदिस्त्रियासने तिथे १७९५ ते १७९७ या काळात वैद्यक शिकून पदवी घेतली. तो परतला तेव्हा व्हेनिसचे राज्य बुडाले होते आणि कांपो फोर्मियोच्या तहाने बेटे फ्रान्सकडे गेली होती. रशिया व तुर्कस्तान यांच्या संयुक्त आरमाराने मार्च १७९९ मध्ये कोर्फूचा किल्ला घेतला. त्यानंतर तिथल्या तुर्की लष्करी इस्पितळाचा तो मुख्य वैद्य झाला. १८०२ मध्ये बेटावर वैद्यकीय मंडळ स्थापन करण्यातही त्याचा पुढाकार होता.

प्रजासत्ताक जन्मले ते २१ मार्च १८०० रोजी कॉन्स्टँटिनोपलला झालेल्या तहातून. (ही जुन्या, म्हणजे जुलियन पंचांगाची तारीख, नव्या, म्हणजे ग्रेगरियन पंचांगाप्रमाणे २ एप्रिल. या काळाच्या कागदपत्रांत १२ दिवसांचा फरक कायम लक्षात ठेवावा लागतो.) कोर्फू, पाक्सी, लेफकादा, इथाका, केफालोनिया, झाकिंथोस व किथिरा ही सात बेटे त्यात होती. नमुना रागुसाच्या (आजचे दुब्रोव्हनिक) प्रजासत्ताकाचा होता : अंतर्गत कारभार स्वतःचा, सार्वभौमत्व सुलतानाचे, हमी रशियाची. दर तीन वर्षांनी ७५,००० पियास्त्र (तुर्की नाणे) खंडणी ठरली. बायझंटिन साम्राज्य बुडाल्यानंतर ग्रीकांना मिळालेले हे पहिले स्वशासन. सुलतानाच्या दरबारी गेलेल्या बेटांच्या वकिलांत कापोदिस्त्रियासचे वडील अंतोनियोस होते.

तिथून आलेल्या संविधानाने सत्ता पुन्हा जुन्या सरदारांच्याच हाती दिली आणि घडी तिथेच विस्कटली. गावोगावचे व्यापारी व शेतकरी बिथरले. झाकिंथोसवर १८०१ मध्ये ब्रिटिश निशाण चढले. सर्वांत बिकट स्थिती केफालोनियाची. तिथे सरदार घराण्यांची हाडवैरे होती आणि आर्गोस्तोली व लिक्सूरी ही एकाच खाडीच्या दोन काठांवरची शहरे एकमेकांना मानायला तयार नव्हती. वडिलांच्या जागी पंचवीस वर्षांच्या कापोदिस्त्रियासला आयुक्त म्हणून धाडले गेले. हाताशी फौज अपुरी होती. मुख्य भिस्त दोन्ही बाजूंना बोलते ठेवण्यावर आणि कारभाराची घडी पुन्हा बसवण्यावर होती.

१८०३ मध्ये तो राज्यसचिव झाला. त्याच वर्षी झाकिंथोसचाच असलेला रशियन प्रतिनिधी काउंट मोचेनिगो याच्या देखरेखीखाली दुसरे संविधान झाले. मतदानाचा हक्क आता केवळ जन्मावर नव्हे, तर उत्पन्न आणि शिक्षण यांवरही ठरू लागला. ग्रीक भाषेला टप्प्याटप्प्याने राजभाषेचे स्थान देण्याची तरतूदही त्यात होती. हे सोपे नव्हते : पिढ्यान्‌पिढ्या दप्तर इटालियनमध्ये लिहिले गेले होते आणि खुद्द राज्यसचिवाचा पत्रव्यवहारही मुख्यतः इटालियन व फ्रेंचमध्ये चाले. ग्रीक वाचणारे-लिहिणारे कारकून घडवल्याशिवाय ते कलम कागदावरच राहिले असते. म्हणून १८०५ मध्ये कोर्फूच्या तेनेदोस मठात निघालेली सार्वजनिक शाळा हे त्या संविधानाचेच अंग मानले पाहिजे. तिच्या देखरेखीत कापोदिस्त्रियासने स्वतः लक्ष घातले.

रशिया-तुर्कस्तान युद्ध पेटल्यावर १८०७ मध्ये समोरच्या मुख्य भूमीवरील यानिनाचा तुर्की सुभेदार अली पाशा याने लेफकादावर डोळा ठेवला. मुख्य भूमी आणि या बेटाच्या मध्ये फक्त उथळ खाजण आहे, त्यामुळे आरमाराशिवायही चढाई शक्य होती. विशेष आयुक्त म्हणून आलेल्या कापोदिस्त्रियासने खंदक खणवून घेतला, तटबंदी दुरुस्त केली आणि कात्सान्तोनीस, कोलोकोत्रोनिस यांसारख्या डोंगरी सरदारांना एकत्र आणले. बेट वाचले. पुढे १८२१ च्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या माणसांशी त्याची ओळख इथलीच.

प्रजासत्ताक मात्र राहिले नाही. जुलै १८०७ मधील टिल्झिटच्या तहात झारने बेटे नेपोलियनला देऊन टाकली. हमी देणाऱ्यानेच हात काढून घेतला. कापोदिस्त्रियासने फ्रेंचांची चाकरी नाकारली आणि १८०९ च्या सुरुवातीला तो सेंट पीटर्झबर्गला पोहोचला. तिथे तो १८१६ ते १८२२ या काळात नेसेलरोडच्या जोडीने परराष्ट्र खाते सांभाळत होता. स्वित्झर्लंडची तटस्थता व तिथल्या प्रांतांचे ऐक्य घडवण्यातही त्याचा मोठा वाटा होता. विखुरलेल्या भागांना एका घटनेत बांधण्याचे काम त्याने आधी बेटांवर केले होते.

१८२७ मध्ये त्रिझिनाच्या राष्ट्रसभेने त्याला ग्रीसचा राज्यपाल, म्हणजे राज्यप्रमुख, निवडले. फिनिक्स हे चलन, शाळा आणि प्लेगविरुद्धचे विलगीकरण ही त्याची कामे. पण घराण्यांची मक्तेदारी मोडताना दक्षिण ग्रीसमधल्या मानी भागातील माव्रोमिखालिस घराण्याशी वैर झाले. त्याच घराण्यातल्या दोघांनी नाफ्प्लियोत संत स्पिरिदोनच्या चर्चच्या दाराशी त्याचा खून केला. त्याची समाधी कोर्फूच्या प्लातितेरा मठात आहे.