लोणार: मिठाचं गाव ते उल्केचं गाव

मेहकरहून लोणारची एसटी पकडली की खिडकीतून सोयाबीन, तूर, कपाशी हेच दिसत राहतं, गावही तसं साधंच, बुलढाणा जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण. आणि गाव संपलं की समोर एकदम जवळपास 1.8 किमी रुंद न दीडेकशे मीटर खोल खड्डा, तळाला हिरवट पाणी.

आता सगळे म्हणतात उल्केचं सरोवर, पण ही ओळख तशी अलीकडची. गावाचं नावच मिठावरून पडलंय. स्कंद पुराणातली लवणासुराची गोष्ट तर इथलं शेंबडं पोरगं पण सांगेल, विष्णूने पायाच्या अंगठ्याने त्याच्या बिळाचं झाकण उडवलं न त्याला मारलं, ते पाणी म्हणजे त्याचं रक्त. गावातलं दैत्यसूदन मंदिर त्या विष्णूचंच. ऐन-ए-अकबरीतही इथल्या खाराचा उल्लेख आहे, काच आणि साबण बनवायला लागायचा म्हणून. पाण्याला बाहेर पडायला वाटच नाही, ऊन वाफ करून नेतं न खार मागे राहतो, एवढं साधं आहे ते. गंमत म्हणजे वरच्या काठाजवळ गोमुखाची धार आहे ती मात्र गोडी, लोक तिथे आंघोळ करतात.

1823 ला अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने याची नोंद केली. मग दीडेकशे वर्षं वाद, बहुतेकांचं म्हणणं ज्वालामुखी, आणि खरं सांगायचं तर ते चुकीचं वाटायचं कारणच नव्हतं, आख्खं दख्खन लाव्हाचंच बनलंय ना! 1896 मधे गिल्बर्ट नावाच्या अमेरिकन भूगर्भवाल्याने अ‍ॅरिझोनाच्या विवराबद्दल लिहिताना लोणारशी तुलना केली होती, पण निकाल लागला तो 1973 ला. तळात ड्रिलिंग करून काढलेल्या दगडात मॅस्केलिनाइट सापडलं, म्हणजे प्रचंड धक्क्याने काचेसारखं झालेलं खनिज, ज्वालामुखीत असा धक्का बसत नाही. बेसाल्टमधलं, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडातलं विवर म्हणून चंद्राचा अभ्यास करणाऱ्यांनाही ते कामाचं, चंद्रावरही बराच बेसाल्ट आहे. वय मात्र अजून भांडणात आहे, आधी 50 हजार वर्षं म्हणायचे, नंतरच्या मोजणीत साडेपाच लाखाच्या वर गेलं.

जून 2020 मधे पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळ्या चॅनलवर लोणार. खारट पाण्यातले सूक्ष्मजीव, हॅलोआर्किया, त्यांचा रंग तो. नोव्हेंबरमधे रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाल्याचंही जाहीर झालं. नवरात्रात मात्र खाली उतरणारी गर्दी उल्का बघायला नसते, खाली पाण्याच्या काठावरच्या कमळजा मातेला असते.