स्नेल: बोचरा वारा, गळाचा दोरा आणि माशाची खिडकी

स्कॉटलंडमध्ये हाडांत शिरणाऱ्या वाऱ्याला ‘स्नेल’ म्हणतात. मराठीतला ‘तिखट’ जसा चवीपुरता न राहता कानाला आणि बोलण्यालाही लागतो, तसंच हे स्कॉट्स विशेषण. चपळ माणूस, झणझणीत वास, टोचून बोलणं, सगळं स्नेल. पण शब्द सर्वांत पक्का बसला तो थंडीला. रॉबर्ट बर्न्सने १७८५ मध्ये उंदरावरच्या कवितेत डिसेंबरच्या वाऱ्याला हाच शब्द लावला. तापमान ४ अंश सेल्सिअस आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल, तर उघड्या कातडीला थंडी उणे १ अंशासारखी झोंबते, कारण अंगालगतचा उबदार हवेचा थर वारा टिकूच देत नाही.

मासेमारीतला ‘स्नेल’ अमेरिकी इंग्रजीतला. गळाला बांधूनच ठेवलेला दोऱ्याचा आखूड तुकडा म्हणजे स्नेल. तो शब्द आला कुठून, हे कोशकारांना उलगडलेलं नाही. स्कॉट कोळी अशा तुकड्याला ‘स्नूड’ म्हणत. आणि स्नूड म्हणजे अविवाहित मुलीची केसांची फीत!

हा तुकडा लागायचा, कारण जुन्या गळाला नेढंच नव्हतं. दांड्याला घोड्याचा केस किंवा रेशीमकिड्याच्या ग्रंथीपासून ओढलेली ‘गट’ नावाची तार लावून वर रेशमाचे वेढे घालत आणि त्यावर पिसांची कृत्रिम माशी, म्हणजे फ्लाय, बांधत. कोरडी गट कडक आणि ठिसूळ, म्हणून वापरण्याआधी भिजवावी लागे. ती झिजायची नेमकी माशीच्या डोक्याशी, आणि तिथे तुटली की अख्खी माशी वाया. १८८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये नेढ्याचे गळ रुळू लागले, पुढे नायलॉन आलं, आणि फ्लायवरून स्नेल गेला. आमिषाच्या गळावर मात्र स्नेलची गाठ अजून टिकून आहे.

ती अशी बांधतात. तंगुसाचं, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याचं, टोक नेढ्यातून ओवून १५ ते २० सेंटिमीटर बाहेर काढा आणि दांड्यालगत त्याचा फास करा. टोक फासातून घेत दांडा आणि तंगूस दोन्हींभोवती ६-७ वेढे द्या. वेढे शेजारी-शेजारी बसले पाहिजेत. एकावर एक चढले तर ओढ पडताच एक दुसऱ्याला कापतो. गाठ ओली करा, टोक ओढून अर्धवट आवळा, मग मुख्य तंगूस ओढून वेढे नेढ्याशी बसवा. ओलं करणं टाळू नका, कारण कोरड्या घर्षणाची उष्णता नायलॉन कमजोर करते. नेढ्याची तार पुरती मिटलेली नसेल, तर त्या फटीत अडकून तंगूस चिरतो. गळ निवडतानाच ते पाहावं. या गाठीत भार वेढ्यांवर वाटला जातो आणि ओढ दांड्याच्या रेषेत लागते, हे तिचं बळ. फ्लायवर ती जमत नाही, कारण तिथे दांडा पिसांनी भरलेला असतो.

तिसरा स्नेल नेदरलँड्समधल्या लायडनचा गणिती, विलेब्रॉर्ड स्नेल (१५८०–१६२६). डच भाषेत या नावाचा अर्थ ‘जलद’, आणि स्कॉट्स विशेषण त्याचंच भावंड. प्रकाशाच्या वक्रीभवनाचा नियम त्याच्या नावाने ओळखला जातो, तरी बगदादमध्ये इब्न सहलने तो दहाव्या शतकातच मांडला होता. या नियमामुळे शांत पाण्यातल्या ट्राउट माशाला वरचं सगळं जग ९७ अंशांच्या गोल खिडकीतूनच दिसतं. खिडकीचा व्यास खोलीच्या सुमारे सव्वादोन पट: ३० सेंटिमीटर खोलीला ६८ सेंटिमीटर. तिच्याबाहेर पृष्ठभाग म्हणजे तळाचं प्रतिबिंब दाखवणारा आरसा. माशी वाहत येते तेव्हा आधी त्या आरशावर तिच्या पायांनी पडलेले खळगे दिसतात. पंख खिडकीच्या कडेला आल्यावरच.

क्षितिजालगतचे पहिले १० अंश या खिडकीच्या कडेला जेमतेम १ अंशात दाबले जातात. म्हणून गळ टाकणारा १० मीटरवर असेल, तर पाण्यापासून पावणेदोन मीटर उंचीपर्यंत तो जवळपास झाकलेला राहतो. ५ मीटरवर ही उंची ८८ सेंटिमीटर उरते, म्हणजे गुडघे टेकणं आलंच. काठ उंच असेल तर त्याची उंचीही यातच धरायची. स्नेल वारा सुटला की लाटांनी खिडकीचे तुकडे होतात आणि आणखी जवळ जाता येतं. पण हलकी माशी हवी तिथे पडत नाही, आणि गारठलेल्या बोटांना गाठ आवळत नाही.