रेस अडकते कशामुळे?

‘रेस परत येत नाही? स्प्रिंग कडक टाका.’ रेस, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरची मूठ, सोडल्यावर जागेवर आली नाही की मुंबईतल्या गॅरेजांत हा सल्ला सर्रास मिळतो. पायांत ताकद नसलेल्या माणसासाठी हाताने चालवायची तीनचाकी बांधताना मात्र तो नडतो. कारण दोष बहुतेकदा स्प्रिंगमध्ये नसतो, मुठीपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या केबलच्या वळणांत असतो.

आपली रिक्षाच बघा. रेसची मूठ पुढे, इंजिन मागे. अशा गाडीत केबल हँडलपाशी वळते, खाली उतरते, फ्लोअरखालून मागे जाते आणि इंजिनापाशी पुन्हा वर चढते. सगळी वळणं मिळून सहज ३६० अंश भरतात.

प्रत्येक वळणावर केबलची आतली तार आउटरला, म्हणजे बाहेरच्या नळीला, आतून घासते. जितका ताण जास्त तितका दाब जास्त, आणि तितकंच घर्षण. त्यामुळे ओढ बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. भाऊच्या धक्क्यावर खुंटाला दोराचे दोन-तीन वेढे घालून एकटा खलाशी अख्खी लाँच धरून ठेवतो, तो याच नियमाच्या जोरावर. गणितात सांगायचं तर घर्षणांक आणि एकूण वळण (रेडियनमध्ये) यांचा गुणाकार करायचा आणि २.७१८ चा तितकावा घात काढायचा.

घर्षणांक ०.१५ धरू. ३६० अंश म्हणजे ६.२८ रेडियन. गुणाकार ०.९४, आणि घात येतो सुमारे २.६. म्हणजे इंजिनापाशी स्प्रिंग १ किलोने ओढत असेल, तर मुठीकडून २.६ किलोने ओढावं लागतं. मूठ सोडली की हाच हिशेब उलटा होतो: १ भागिले २.६. स्प्रिंगच्या ओढीतले ४०० ग्रॅमही मुठीपर्यंत पोहोचत नाहीत. त्यात मुठीचं स्वतःचं घर्षण आलं की रेस अडकलीच. स्प्रिंग दुप्पट कडक केली तर परतीची ओढ दुप्पट होते खरी, पण मनगटावर ५ किलोंचा भार येतो. वळणं १८० अंशांवर आणली, तर तीच जुनी स्प्रिंग १.६ किलोत ओढली जाते आणि परतीला ६०० ग्रॅमच्या वर देते.

या हिशेबात वळणाची त्रिज्या कुठेच येत नाही. ऐसपैस वळण दिलं की केबल टिकते जास्त, पण घर्षण तेवढंच राहतं. वळणंच कमी करायला हवीत.

पकड कमजोर असेल तर पिळायच्या मुठीपेक्षा अंगठ्याने दाबायची दांडी सोयीची. खड्ड्यात गाडी आपटली की अंग मागे जातं, मनगट आपोआप पिळलं जातं आणि नको तेव्हा रेस वाढते. अंगठ्याच्या दांडीत हा धोका कमी.

बॅटरीवरच्या तीनचाकीत हा प्रश्नच नाही. मुठीतलं चुंबक फिरतं आणि ते ओळखणारा हॉल सेन्सर मोटरच्या कंट्रोलरला तारेतून साधारण ०.८ ते ४.२ व्होल्टचा संदेश देतो. एडविन हॉल यांना हा परिणाम १८७९ साली सापडला. जाहिरातवाले त्यालाच आज ‘स्मार्ट’ म्हणून विकतात. ०.८ पासून सुरुवात मात्र खरोखर हुशारीची: तार तुटून शून्य व्होल्ट आले, तर कंट्रोलरला बिघाड ओळखता येतो.

हँडलला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांनी निदान तिचा दोरा केबलच्या उघड्या तारेपासून लांब ठेवावा. तो अडकला की रेस परत यायची नाही.

हाताने चालवता येईल असे बदल गाडीत करायचे तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची मंजुरी लागते. त्याआधी गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघा. इंजिनाचा आवाज चढला, तर आउटर आखूड पडलं आहे किंवा चुकीच्या वाटेने नेलं आहे.