सुपर बोल आणि रेषेवरची झुंज

सुपर बोल म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अजिंक्यपदाचा अंतिम सामना. न्यू ऑर्लिन्समध्ये ९ फेब्रुवारी २०२५ रोजी झालेल्या सुपर बोलच्या मध्यंतराला फिलाडेल्फिया ईगल्स २४-० असे पुढे होते. समोर कॅन्सस सिटी चीफ्सचा पॅट्रिक महोम्स होता, माझ्या मते या पिढीतला सर्वांत मोठा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू. त्याला त्या रात्री सहा वेळा चेंडूसकट आडवं केलं गेलं, आणि तेही ब्लिट्झ न करता, म्हणजे चारांपलीकडे जादा माणूस त्याच्या अंगावर न सोडता. निकाल ४०-२२.

हे कसं झालं, याचं उत्तर चेंडूकडे बघून मिळत नाही. चेंडू ठेवलेल्या रेषेवर आक्रमणाचे पाच धिप्पाड गडी उभे असतात: मधे सेंटर, त्याच्या दोन्ही हातांना गार्ड, कडांना टॅकल. त्यांच्यासमोर बचावाचे बहुधा चार. या चौघांनीच पाच जणांची भिंत फोडली, तर बचावाचे उरलेले सात जण मागे राहून पास झेलणाऱ्यांना जखडून ठेवतात. चौघे कमी पडले तर पाचवा, सहावा पुढे धाडावा लागतो. मग मागे भगदाड पडतं आणि महोम्ससारखा खेळाडू नेमकं तेच हेरतो.

ही रेषा खेळात मुळात नव्हती. रग्बीतली दोन्ही संघांची रेटारेटी काढून चेंडू एका संघाच्या ताब्यात द्यायचा, हा नियम येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्प यांनी १८८० मध्ये आणला. पण अंगावर अंग घालणं थांबलं नाही. हार्वर्डने १८९२ मध्ये पाचरीच्या आकारात धावत येऊन एकाच माणसावर आदळण्याची चाल काढली. मैदानावरचे मृत्यू वाढत गेले आणि १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना लक्ष घालावं लागलं. पुढच्याच वर्षी चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली. फेकणारा आला, तसं त्याला राखणंही आलं.

तरी पुढची कित्येक दशकं रेषेचं मुख्य काम धावणाऱ्याला वाट करून देणं हेच होतं. ३१ डिसेंबर १९६७ चा ग्रीन बे इथला सामना त्याचं सर्वांत लख्ख उदाहरण. तापमान उणे २५ अंश सेल्सिअस, मैदान गोठून दगड झालेलं. शेवटची १६ सेकंदं उरलेली, ग्रीन बेचा संघ पॅकर्स डॅलसच्या मागे १४-१७, गोलरेषा हाताच्या अंतरावर, आणि आधीच्या दोन धावांत पाय घसरलेले. पॅकर्सच्या जेरी क्रेमर या गार्डने आधीच चित्रफिती बघून ताडलं होतं, की डॅलसचा जेथ्रो प्यू गोलरेषेजवळ उंच उठतो. क्रेमर आणि सेंटर केन बोमन यांनी त्याला खालून उचकटलं आणि त्या फटीतून क्वार्टरबॅक बार्ट स्टार स्वतःच आत घुसला. २१-१७. एका माणसाची एक सवय, आणि तिच्यावर मिळालेलं अजिंक्यपद!

१९७८ मध्ये नियम बदलले. अडवणाऱ्याला हात लांबवून, पंजे उघडे ठेवून समोरच्याला थोपवायची मुभा मिळाली आणि पासचा खेळ फोफावला. बचावाच्या बाजूनेही मोल वाढलं: ‘सॅक’, म्हणजे फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं, याची अधिकृत नोंद १९८२ पासून होऊ लागली.

२००८ च्या सुपर बोलपर्यंत न्यू इंग्लंड पेट्रियट्स १८ पैकी १८ सामने जिंकून आले होते. समोर न्यूयॉर्क जायंट्स होते. लोकांना त्या रात्रीचा जायंट्सच्या डेव्हिड टायरीने शिरस्त्राणाला दाबून धरलेला झेल आठवतो. मला जस्टिन टक आठवतो. जायंट्सने कडेच्या या चपळ गड्याला आत आणून संथ गार्डांसमोर उभं केलं. पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी पाच वेळा पडला आणि जायंट्स १७-१४ जिंकले.

२०२१ च्या सुपर बोलमध्ये ब्रेडी टॅम्पा बेकडून, म्हणजे या गणिताच्या दुसऱ्या बाजूला होता. समोरच्या चीफ्सचे दोन्ही नेहमीचे टॅकल, एरिक फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ, जखमी होते. जीव वाचवत महोम्स मागे-मागे पळत राहिला आणि संघाला एकही टचडाऊन, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेऊन मिळणारे गुण, मिळाला नाही. ३१-९. चीफ्सनी लगेच भिंत नव्याने बांधली. तिनेच २०२३ च्या सुपर बोलमध्ये त्या मोसमात ७० सॅक केलेल्या ईगल्सला एकही सॅक मिळू दिला नाही.

दोन वर्षांनी पुन्हा तोच संघ समोर आला, तेव्हा त्या भिंतीतला गार्ड जो थूनी डाव्या टॅकलच्या जागी उभा होता, कारण त्या जागी टिकेल असा दुसरा कुणी मोसमभर सापडला नव्हता. आणि २००८ मध्ये जायंट्सचा बचाव आखणारे स्टीव्ह स्पॅग्नुओलो त्या रात्री चीफ्सच्या बचावाचे प्रशिक्षक म्हणून हे सगळं कडेवरून बघत होते.