मूर्ती क्रॉमवेलने फोडल्या, पण कोणत्या क्रॉमवेलने?

इंग्लंडमधल्या जुन्या अँग्लिकन चर्चमध्ये मुंडकं नसलेली मूर्ती दिसली की हमखास ऐकू येतं, 'हे ऑलिव्हर क्रॉमवेलच्या सैनिकांचं काम!' ऑलिव्हर म्हणजे सतराव्या शतकात राजाविरुद्ध लढलेला संसदेचा सेनानी, चर्चमधल्या मूर्ती नकोशा असलेल्या कट्टर प्रॉटेस्टंट (प्युरिटन) गटातला. पण बऱ्याचदा ते खरं नसतं.

ईली कॅथेड्रलच्या लेडी चॅपलमधल्या (मेरीमातेच्या प्रार्थनागृहातल्या) मूर्तींची तोडफोड 1541च्या सुमारास खुद्द तिथल्या बिशपच्या आदेशाने झाली. ऑलिव्हरचा जन्म 1599चा! त्याआधी आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने मठ बंद पाडले होते. आडनाव एकच, म्हणून एकाचं पाप दुसऱ्याच्या माथी बसलं असावं. पुढे हेन्रीचा मुलगा सहावा एडवर्ड याच्या काळात उरल्यासुरल्या मूर्तीही हटवल्या गेल्या.

1643-44मध्ये, म्हणजे ऑलिव्हरच्या काळात, संसदेच्या बाजूच्या विल्यम डाउसिंगने मूर्ती आणि चित्रं फोडायला केंब्रिजशायर आणि सफोकमधली चर्च पालथी घातली, हे मात्र खरं. तरीही केंब्रिजच्या किंग्ज कॉलेज चॅपलमधल्या रंगीत काचा शाबूत राहिल्या.

गंमत भिंतींची. चित्रं झाकायला फासलेल्या चुन्यानेच ती जपली. सॉल्सबरीच्या सेंट थॉमस चर्चमधलं अंतिम न्यायाचं भव्य चित्र 1593मध्ये चुन्याखाली गेलं आणि एकोणिसाव्या शतकात पुन्हा बाहेर आलं. आज त्याच्याखालीच उपासना चालते.