दातांच्या रंगाची तार पिवळी का पडते?

आमटीचा स्टीलचा डबा घासला की लख्ख होतो. प्लास्टिकच्या डब्याचा पिवळेपणा मात्र कितीही घासा, राहतोच. ब्रेसेसमधल्या दातांच्या रंगाच्या तारेचंही तसंच आहे. बहुतेक अशा तारा आतून धातूच्याच असतात, निकेल-टायटॅनियमच्या किंवा स्टीलच्या. वर इपॉक्सी किंवा टेफ्लॉनसारख्या पॉलिमरचा, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकचा, पांढरट लेप असतो, मिलिमीटरच्या काही शतांश जाडीचा. डाग पडतो तो या लेपावर.

चहातली टॅनिनं दातांवर आणि तारेवर बसलेल्या लाळेच्या पातळ थराला धरतात. हा डाग वरवरचा, ब्रशने बराचसा निघतो. कॉफीचा रंग वर बसतो आणि थोडा आतही शिरतो. कोला आम्लधर्मी असला तरी सहसा कॉफीइतका रंग सोडत नाही.

हळद सगळ्यांत चिवट. तिचं रंगद्रव्य कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात सहज विरघळतं. फोडणीत हळद पडली की तेल पिवळंधमक होतं ते यामुळेच. तोच रंग मग पॉलिमरमध्ये मुरतो आणि नुसत्या चुळीने निघत नाही. कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात वाळवला की फिका होतो, कारण प्रकाशात कर्क्युमिनचं विघटन होतं. तोंडात ऊन कुठून येणार?

रंगातला फरक स्पेक्ट्रोफोटोमीटर या रंग मोजणाऱ्या यंत्राने ‘डेल्टा-ई’ या एककात मोजतात. दंतवैद्यकात साधारण 1.2 पर्यंतचा फरक डोळ्यांना जाणवत नाही आणि 2.7 च्या पुढचा खटकू लागतो, असं धरतात.

पण रंगापेक्षा मोठी अडचण लेप टिकण्याची आहे. चावताना, ब्रश करताना आणि ब्रॅकेटच्या (दातावर चिकटवलेल्या, तार धरून ठेवणाऱ्या छोट्या तुकड्याच्या) खाचेत घासून तो खरवडतो. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांच्या तोंडातून 33 दिवसांनी काढलेल्या तारांवरचा सुमारे 25 टक्के लेप निघून गेलेला आढळला. खडबडीत झालेल्या जागी डाग आणि जंतूंचा थर दोन्ही लवकर धरतात. म्हणून दात पांढरे करणारी खरखरीत पेस्ट किंवा कोळशाची पूड इथे नकोच. डाग काढण्याच्या नादात लेपच जाईल.

आरशात पिवळं दिसलं की आधी दोन ब्रॅकेटच्या मधला तारेचा भाग नीट पाहा. तो पांढरा असेल तर पिवळं पडलंय ते ब्रॅकेटभोवतीचं पारदर्शक रबर, आणि बहुतेक वेळा दोषी तेच असतं. ते दर 4 ते 6 आठवड्यांच्या भेटीत बदललं जातं. घरी रोज हळदीचं जेवण असेल तर पारदर्शकऐवजी राखाडी रबर मागून घ्यावं.

जेवल्यावर लगेच खळखळून चूळ भरा, मग मऊ ब्रश आणि साधी पेस्ट वापरा. चहा-कॉफी तासभर घोट-घोट न पिता एका बैठकीत संपवा. क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश डॉक्टरांनी सांगितलं तेवढेच दिवस वापरा, कारण त्याने तपकिरी डाग पडतात आणि चहाने ते गडद होतात. लेपाचा पापुद्रा सुटला तर नखाने ओढू नका, ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवा. घरात लग्न असेल तर रबर बदलायची तारीख फोटोंच्या आदल्या दिवशीची घ्या, आणि मसालेदार जेवण फोटो झाल्यावर.